बाउल गेमचं तिकीट: कुठला सामना, कुठली सीट, कधी खरेदी?

डिसेंबरात अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आईबाबांचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. एखादा समुद्रकिनारा नाहीतर बर्फ, देवळात एक फेरी, दोन-चार ओळखीच्या घरी जेवण. त्यातच एका संध्याकाळी लेक विचारते, "बाबा, आमच्या युनिव्हर्सिटीचा बाउल गेम आहे, जायचं का?" बाबा हौसेने हो म्हणतात आणि तिकिटाचा आकडा दिसला की मनातल्या मनात डॉलरचे रुपये करायला लागतात.

ते करायलाच हवेत. चार जणांची तिकिटं, पार्किंग, आतलं खाणं आणि सामना दुसऱ्या राज्यात असेल तर विमान आणि हॉटेल. हा खर्च एखाद्या छोट्या सहलीइतका होतो. पण तोच दिवस नीट निवडला तर खिशाला न झेपण्यासारखा नसतो, आणि अमेरिका किती हौशी आहे ते तिथे जेवढं दिसतं तेवढं मॉलमध्ये नक्की दिसत नाही.

आधी हा बाउल काय प्रकार आहे तो समजून घेऊ. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट आणि खांद्यावर जाड पॅड घातलेले गडी, अंडाकृती चेंडू, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं कळलं तरी सामना बघता येतो. अमेरिकेत व्यावसायिक संघांइतकंच वेड कॉलेजच्या संघांचं असतं. मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट या युनिव्हर्सिटींच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात, आणि तीही भरतात. संघ हंगामात साधारण १२ सामने खेळतो. त्यातले ६ जिंकले की तो बाउलसाठी पात्र. मग डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत देशभर चाळीसच्या आसपास बाउल सामने होतात, बहुतेक दोघांपैकी कुणाच्याच नसलेल्या मैदानावर.

या सगळ्याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना गावात झाली. तिथे १८९० पासून नववर्षाला फुलांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक निघते. १९०२ साली आयोजकांनी तिला जोडून फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं इतकं धुतलं, की आयोजकांनी फुटबॉल गुंडाळून ठेवला आणि पुढे काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती भरवल्या! १९१६ मध्ये फुटबॉल परत आला तो कायमचा. १९२२ साली तिथे मोठं स्टेडियम उभं राहिलं. येल युनिव्हर्सिटीच्या वाडग्यासारख्या स्टेडियमचा नमुना समोर होता, म्हणून नाव पडलं रोझ बाउल. पुढे मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाउल, टेक्सासात कॉटन बाउल निघाले. स्टेडियमचा आकार कसाही असो, हंगामानंतरच्या सामन्याला बाउल म्हणायची पद्धत रूढ झाली.

मोठा बाउल की छोटा?

सगळे बाउल सारखे नसतात, आणि पैशाचा खरा निर्णय इथेच होतो. २०२४ च्या हंगामापासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी १२ संघांची बाद फेरी सुरू झाली. तिची पहिली फेरी कॉलेजांच्या स्वतःच्या मैदानांवर होते. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच या सहा मोठ्या बाउलमध्ये विभागले जातात. तिथे हरला तो घरी, त्यामुळे तिकिटंही तशीच महाग. एका सीटला काही शे डॉलर सहज पडतात.

उरलेले तीसेक बाउल म्हणजे मेहनतीचं बक्षीस म्हणून केलेली सहल. आयडाहोच्या बॉइझीमध्ये बटाट्याच्या नावाचा बाउल आहे, तो निळ्या रंगाच्या मैदानावर खेळतात. शार्लटमध्ये मेयोनेजच्या कंपनीचा बाउल आहे, तिथे जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर बादलीभर मेयोनेज ओततात. ऑरलँडोच्या पॉप टार्ट्स बाउलमध्ये २०२३ साली भलामोठा नाचणारा पॉप टार्ट टोस्टरमध्ये उतरला आणि खालून भाजलेला पॉप टार्ट बाहेर आला, तो जिंकलेल्या संघाने मैदानावरच खाल्ला. न्यूयॉर्कचा पिनस्ट्राइप बाउल बेसबॉलच्या यांकी स्टेडियममध्ये होतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना तो ट्रेनने जाऊन-येऊन बघता येतो.

माझं स्पष्ट मत आहे, की पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने राहत्या घरापासून दोन-तीन तासांवरचा छोटा बाउल निवडावा. रिसेलवर अशा काही सामन्यांचं तिकीट वीस-पंचवीस डॉलरपर्यंतही खाली येतं. बँड तोच, जल्लोष तोच, खेळही तितकाच जोरात. खेळ अजिबात कळला नाही तरी शंभरेक मुलांचा मार्चिंग बँड मध्यंतरात मैदानभर आकृत्या करत वाजवायला लागला, की ढोल-ताशा पथकाची सवय असलेल्या आपल्या माणसांचे पाय आपोआप ताल धरतात. आजी-आजोबांना कित्येकदा सामन्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

छोट्या बाउलमध्ये एका गोष्टीची तयारी मात्र ठेवायची. ज्या खेळाडूचं नाव ऐकून तिकीट काढलं, तो मैदानात उतरेलच असं नाही. व्यावसायिक संघांत निवड होण्याआधी दुखापत नको म्हणून मोठे खेळाडू बाद फेरीबाहेरचे बाउल सोडतात. २०१६ साली क्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट यांनी तसं केलं तेव्हा गदारोळ झाला होता, आता ते नेहमीचं झालंय. डिसेंबर २०२३ च्या ऑरेंज बाउलमध्ये तोपर्यंत एकही सामना न हरलेला फ्लोरिडा स्टेटचा संघ अर्धाअधिक नव्या पोरांनिशी उतरला आणि जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला. त्या तिकिटाचे मोठे पैसे मोजणाऱ्यांनी एकतर्फी सामना बघितला.

आपल्या मुलांचं कॉलेज खेळत असेल तर हिशेब वेगळा. पर्ड्यू, इलिनॉय, ॲरिझोना स्टेट, टेक्सास ए अँड एम, यूएससी अशा युनिव्हर्सिटींत भारतीय मुलं भरपूर आहेत. दोन वर्षं तिथल्या थंडीत नाहीतर उन्हात राबलेल्या, अजून नोकरीचा पत्ता नसलेल्या मुलाला त्या दिवशी हजारो अनोळखी लोकांत एकाच रंगाच्या कपड्यात उभं राहायला मिळतं. त्याला आपलं गाव मिळाल्यासारखं वाटतं. तिथे आईवडील शेजारी असावेत असं त्याला वाटत असेल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी माझी हरकत नाही.

आधीपासून बुकिंग का जमत नाही

भारतात बसून सहा महिने आधी विमानाचं तिकीट काढणाऱ्या आपल्यासारख्यांना बाउलचा हा भाग जाम खटकतो. कोणता संघ कुठे खेळणार हे डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारपर्यंत ठरतच नाही. ॲरिझोना स्टेटचंच बघा. २०२४ चा हंगाम सुरू होण्याआधी त्यांच्या १६ संघांच्या गटात हा संघ शेवटचा येईल असा अंदाज होता. त्याने गटच जिंकला. ८ डिसेंबरला जाहीर झालं, की १ जानेवारीला अटलांटात टेक्सासशी सामना. म्हणजे फिनिक्सजवळच्या त्या युनिव्हर्सिटीच्या मुलांच्या हातात देशाच्या दुसऱ्या टोकाला जायला उरले २४ दिवस, तेही नाताळच्या सुट्टीतले! सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि टेक्सासने ३९-३१ असा जिंकला. जे गेले ते अजून त्याबद्दल बोलतात. पण विमानाचे भाव त्यांनाही चुकले नाहीत.

म्हणून अशा वेळी सामन्याच्या तिकिटाआधी विमान आणि हॉटेल बघा. सामन्याची तिकिटं शेवटच्या दिवसापर्यंत कुणी ना कुणी विकत असतं. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात विमानाच्या जागा मात्र दिवसागणिक महागतात. ज्याची तारीख बदलता येते किंवा रद्द करता येतं असंच हॉटेल घ्यावं.

तिकिटाचे भाव कसे हलतात

तिकिटं तीन वाटांनी येतात. पहिली वाट युनिव्हर्सिटीची. प्रत्येक संघाला ठरावीक तिकिटं मिळतात. ती आधी देणगीदार, मग हंगामाचे तिकीटधारक, मग विद्यार्थी अशा क्रमाने जातात. विद्यार्थ्यांचं तिकीट स्वस्त असतं, पण बहुतेक ठिकाणी गेटवर ओळखपत्र बघतात, तेव्हा त्यावर बाबांना आत नेण्याची शक्कल लढवू नका. दुसरी वाट बाउलच्या अधिकृत वेबसाइटची, जी बहुतेकदा टिकेटमास्टरसारख्या कंपनीकडे नेते. तिसरी रिसेलची, म्हणजे स्टबहब, सीटगीक, विविड सीट्स वगैरे. तिथे लोक आपली तिकिटं पुन्हा विकतात आणि भाव शेअर बाजारासारखा वरखाली होतो.

युनिव्हर्सिटीकडूनच घेतलं म्हणजे स्वस्त पडलं, असं समजायचं कारण नाही. १ जानेवारी २०११ च्या फिएस्टा बाउलला कनेक्टिकट युनिव्हर्सिटीला करारानुसार १७,५०० तिकिटं उचलावी लागली. सामना होता थेट ॲरिझोनात, आणि रिसेलवर त्याच सामन्याच्या जागा कितीतरी स्वस्त मिळत होत्या. बहुतेक तिकिटं पडून राहिली आणि युनिव्हर्सिटीला दहा लाख डॉलरहून जास्त तोटा झाला. चाहते शहाणे होते, त्यांनी भाव बघून खरेदी केली.

यातून एक ढोबळ अंदाज बांधता येतो. दोन्ही संघ लांबचे असतील, सामना आठवड्याच्या मधल्या दिवशी असेल आणि स्टेडियम मोठं असेल, तर थांबा. भाव बहुधा शेवटच्या दोन-तीन दिवसांत उतरतो. एक संघ जवळपासचा असेल, बऱ्याच वर्षांनी मोठ्या बाउलला आला असेल आणि तो बाद फेरीचा सामना असेल, तर थांबणं हा जुगार आहे. संघ जाहीर झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत उत्साहाने भाव चढतो, तो भर ओसरू द्या आणि मग घरात ठरवलेल्या आकड्याच्या आत आलं की घेऊन टाका. आणखी दहा डॉलर वाचवायला चार जागा एकत्र मिळण्याची संधी घालवणं मला तरी पटत नाही. चार एकत्र जागा शेवटी मिळतच नाहीत. उरतात त्या एकेकट्या.

पूर्वी ८० डॉलरचं तिकीट पैसे भरायच्या पानावर १०० च्या वर जायचं. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आलाय, की कार्यक्रमाच्या तिकिटाची सक्तीच्या शुल्कासकट पूर्ण किंमत आधीच दाखवायची. तरी शेवटचं पान नीट वाचा. पार्किंग वेगळंच असतं आणि मोठ्या सामन्यांना तेही आधी विकत घ्यावं लागतं. भारतातलं क्रेडिट कार्ड वापरलं तर त्यावर साधारण २ ते ३.५ टक्के परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. मुलांच्या तिथल्या कार्डावरून घेणंच बरं.

पुढची रांग कशाला नको

क्रिकेट किंवा नाटक बघणाऱ्याला पुढची रांग म्हणजे मानाची जागा वाटते. इथे उलट आहे. मैदानाच्या कडेला संघाचे डझनावारी राखीव खेळाडू, प्रशिक्षक, कॅमेरावाले उभे असतात. पहिल्या दहा-पंधरा रांगांतून तुम्हाला त्यांच्या पाठी दिसतात आणि मैदान सपाट दिसतं. रोझ बाउलमध्ये खालच्या रांगांचा उतार इतका कमी आहे, की हा त्रास जास्तच. मैदानाच्या मध्यरेषेजवळ थोडं वर बसलं की खेळ सर्वांत छान कळतो, पण ती जागा महाग. कमी पैशांत बघायचं तर मी कोपऱ्यातली वरची जागा घेईन. संघ कसा पसरला, चेंडू कुठे गेला, सगळं वरून बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं.

उन्हाचा विचार करा. दुपारच्या सामन्यात पश्चिमेकडच्या बाजूला बसलं की सूर्य पाठीशी राहतो, पूर्वेकडे बसलं की तास-दोन तास डोळ्यांवर. दोन्ही संघांचे चाहते वेगवेगळ्या बाजूंना बसतात, म्हणून मुलांच्या कॉलेजची बाजू कुठली ते आधी बघा आणि चुकून समोरच्या संघाच्या रंगाचा स्वेटर घालून जाऊ नका. कुणी काही करत नाही, पण साडेतीन तास थट्टा ऐकावी लागते.

घरात गुडघेदुखीवालं कुणी असेल तर हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जुन्या स्टेडियममध्ये लिफ्ट सगळीकडे नसते, बाकांना पाठ नसते, आणि टचडाउन झाला की पुढचे सगळे उभे राहतात. ज्यांना खरोखर पायऱ्या चढता येत नाहीत किंवा चाकाची खुर्ची लागते त्यांच्यासाठी वेगळ्या जागा असतात. अमेरिकेच्या कायद्यानुसार अशा जागेबरोबर उपलब्ध असतील तर सोबतच्यांसाठी शेजारच्या तीन जागा घेता येतात. संकेतस्थळावर दिसल्या नाहीत तर तिकीट कार्यालयाला सरळ फोन करावा.

न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम किंवा सॅन अँटोनियोचं अलामोडोम छपराखाली आहे, तिथे थंडीची चिंता नाही. बॉइझी, बॉस्टन, न्यूयॉर्कला डिसेंबरात उघड्यावर साडेतीन तास बसायचं म्हणजे थर्मल, टोपी, हातमोजे हवेतच. लहान बाळाला घेऊन अशा ठिकाणी जाऊ नये, असं माझं मत.

खोटं तिकीट आणि खरा पैसा

कागदी तिकीट आता जवळजवळ गेलंच. तिकीट फोनवर येतं आणि त्याचा बारकोड बऱ्याच ॲपमध्ये दर काही सेकंदांनी बदलतो. म्हणून कुणी स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ पाठवून "हेच तिकीट" म्हणालं, तर ते गेटवर चालणार नाही असंच समजा. खरं तिकीट ॲपमधूनच तुमच्या खात्यात वर्ग होतं. फसवणूक होते ती बहुधा फेसबुकवर किंवा विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. अचानक आजारी पडलेला कुणीतरी अर्ध्या किमतीत चार तिकिटं देतो म्हणतो आणि पैसे झेलने पाठवा म्हणतो. झेल हे तिथलं बँकेतून बँकेत पैसे पाठवायचं साधन. नाव झेल असलं तरी त्यावरून सुटलेला पैसा परत झेलता येत नाही. ओळखीच्या माणसाकडून घ्यायचं असेल तरी आधी तिकीट वर्ग होऊ द्या, मग पैसे.

रिसेलच्या मोठ्या कंपन्या बनावट निघालेल्या तिकिटाचे पैसे परत देतात किंवा दुसरी जागा देतात, पण तुमचा बेत बदलला म्हणून परत घेत नाहीत. संघ जाहीर होण्याआधी विकायला लावलेल्या, रांगेचा नंबर नसलेल्या जागांपासून लांब राहा. विकणाऱ्याच्या हातात कित्येकदा त्या अजून आलेल्याच नसतात.

सामनाच झाला नाही तर? असं होतं. २०१८ मध्ये डॅलसला फर्स्ट रिस्पॉन्डर बाउल सुरू झाल्यावर विजा चमकू लागल्या आणि पहिल्या सत्रातच तो कायमचा थांबवला. २०२१ च्या हॉलिडे बाउलला नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे चाहते देश ओलांडून सॅन डिएगोला पोचले होते, आणि सुरू व्हायच्या काही तास आधी यूसीएलएने कोरोनामुळे माघार घेतली. १ जानेवारी २०२५ च्या पहाटे न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर माणसांना गाडीखाली चिरडणारा हल्ला झाला, तेव्हा त्या रात्रीचा शुगर बाउल दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला. ज्यांचं परतीचं विमान २ तारखेच्या सकाळचं होतं, त्यांना सामना की विमान हे ठरवावं लागलं. रद्द झालेल्या सामन्याचे तिकिटाचे पैसे सहसा मिळतात, पुढे ढकललेल्याचे सहसा नाही, आणि विमान-हॉटेलचे तर तुमचे तुम्हीच. भारतात परतायचं विमान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मुळीच ठेवू नये.

निघताना

तिकीट घरीच फोनच्या वॉलेटमध्ये साठवा. हजारो लोक एकाच वेळी फोन वापरत असताना गेटवर नेटवर्क रांगतं, आणि भारतातलं रोमिंग सिम असेल तर विचारायलाच नको. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर असली तर सगळ्यांनी एकत्रच आत शिरायचं. कुणी मागे राहणार असेल तर त्याचं तिकीट त्याच्या फोनवर आधीच पाठवा. आपली नेहमीची पर्स किंवा पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत. बहुतेक ठिकाणी १२ इंच बाय ६ इंच बाय १२ इंचाची पारदर्शक पिशवी चालते, आणि हाताच्या पंजाएवढं छोटं पाकीट. औषधं बरोबर असतील तर त्या स्टेडियमचा नियम आधी वाचा.

बाहेरचं खाणं आत जात नाही. शाकाहारी माणसाला आत पॉपकॉर्न, नाचोज, प्रेट्झेल आणि नशीब असेल तर चीज पिझ्झा. पण सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून खाण्यापिण्याची मैफल जमते, तिला टेलगेटिंग म्हणतात. तिथे तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणच्याचा डबा काढला तर शेजारच्या गाडीवाले चव बघायला येतातच. रोझ बाउलला तर गाड्या गोल्फच्या हिरवळीवर लावतात आणि सकाळपासून तिथे जत्रा भरते.

पॅसाडिनाला जाणार असाल आणि तिकीट बजेटबाहेर गेलं असेल, तरी सकाळी जायला हरकत नाही. फुलांच्या रथांची मिरवणूक सकाळी ८ वाजता निघते, कोलोरॅडो बुलेव्हार्डवरून साडेपाच मैल जाते आणि फूटपाथवर उभं राहून बघायला एक डॉलरही लागत नाही. पुढची जागा हवी असेल तर आदल्या रात्रीपासून ब्लँकेट घेऊन बसावं लागतं, तिथले लोक तसंच करतात. १ जानेवारी रविवारी आला तर मिरवणूक आणि सामना दोन्ही सोमवारी २ तारखेला असतात, तेवढं कॅलेंडर बघून घ्या.